हरणीचं उभं राहणं

माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असली की एक वाक्य हमखास कानावर येतं. पालखीसोबतचे अश्व कर्नाटकातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून चालत आळंदीला येतात आणि तिथून पुढे पंढरपूरची वाट धरतात. एवढी चाल झालेला घोडा दुपारी सावलीत मागचा एक पाय सैल सोडून, मान जरा उतरवून उभा असतो. दर्शनाला आलेल्यांपैकी कुणीतरी हळहळतं, "अगं बाई, पाय दुखावलाय वाटतं बिचाऱ्याचा." मागे उभे असलेले माना डोलावतात. पाय दुखावलेला नसतो. घोडा विसावा घेत असतो, आणि इतक्या गर्दीत तो असा सैल उभा राहतो म्हणजे त्याला तिथे निर्धास्त वाटतंय.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण आमच्या दारात हरणी नावाची घोडी आहे आणि तिच्या उभं राहण्याकडे मी काही वर्षं रोज बघत आले आहे.

आमची सीताफळाची आणि अंजिराची बाग पुरंदर तालुक्यात आहे. दसरा झाला की कोकणाच्या वाटेवर असलेला धनगरांचा एक वाडा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, आमच्या रानात मेंढरं बसवायला थांबतो, उन्हाळ्यात परतताना पुन्हा थांबतो. त्यांच्या घोड्यांवर अख्खा संसार असतो. भांडी, जाळ्या, वाघरं, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, कधी त्यांच्यावरच झोपलेलं एखादं लेकरू. घोडी बुटकी, काटक, कडक खुरांची, भीमथडीची. त्यातलीच एक तरणी घोडी आमच्या दादांना आवडली आणि त्यांनी ती वाड्यातल्या आण्णांकडून घेतली. देताना आण्णा मला म्हणाले, "ताई, घोडी पळती कशी, खाती कशी, हे समदे बघत्यात. ती काय बी करत नसती ना, तवा बघत जा."

मी ते शब्दशः घेतलं. गोठ्याच्या पुढे चिंचेखाली सपाट जागा आहे. तिथे ती मोकळी असताना, दुपारच्या वेळी, रोज एकाच बाजूने तिचा फोटो काढायला लागले. सोबत शाळेची जुनी वही. कुठला पाय सैल, मान कुठे, कान कुठे, पुढे किती वेळाने पाय बदलला, एवढंच लिहायचं. सपाट जागेचा हट्ट यासाठी, की उतारावर किंवा खड्ड्यात उभं असलेलं जनावर तोल सांभाळायला पाय कसेही ठेवतं आणि त्यातून भलतेच अर्थ निघतात.

थोड्या महिन्यांत तिचं रोजचं उभं राहणं मला पाठ झालं. विसाव्याच्या वेळी तिची मान खांद्याच्या उंचवट्याच्या पातळीला येते, कधी थोडी खालीही. खालचा ओठ लोंबतो. कान बाजूला पडतात. डोळा अर्धा मिटतो. पुढचे दोन्ही पाय शेजारी शेजारी, सरळ खाली, सारखा भार घेऊन. मागचा एक पाय दुमडलेला, खुराचं फक्त पुढचं टोक जमिनीला टेकलेलं, त्या बाजूचा पुठ्ठा खाली उतरलेला. थोड्या वेळाने ती एक लांब श्वास सोडते, पुठ्ठा इकडून तिकडे हलवते आणि दुसरा पाय सैल सोडते. पावसाची झड आली की वाऱ्याकडे पाठ करते, शेपूट मांड्यांत दाबते, मान खाली घालते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, किती आजारी आहे ही. झड थांबली की अंग झटकून ती चरायला लागते.

मागचा पाय असा सैल सोडता येतो, यामागे तिच्या शरीराची फार सुरेख रचना आहे. मागच्या पायात, पोटाला लागून वरच्या बाजूला जो सांधा असतो, तो म्हणजे घोड्याचा गुडघा. आपण ज्याला घोड्याचा गुडघा म्हणतो तो पुढच्या पायातला सांधा खरं तर मनगट आहे. मागच्या पायाच्या या खऱ्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या एका उंचवट्यावर जाऊन अडकते, दाराला आतून कडी लावावी तशी. मग तो पाय जवळजवळ स्नायूंचा जोर न लावता सगळा मागचा भार तोलून धरतो आणि दुसऱ्या पायाला सुट्टी मिळते. पुढच्या पायांतही नसा-पट्ट्यांची अशीच आधाराची व्यवस्था आहे, त्यामुळे घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. कळपात राहणाऱ्या, पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला उठायला लागणारा वेळही महाग पडतो.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते इथेच. मागचा पाय सैल असणं स्वाभाविक आहे हे एकदा कळलं, की माणूस पुढचं बघत नाही. मीही वही नसती तर बघितलं नसतं. मागचा पाय सैल आहे एवढ्यावरून काही कळत नाही. तो बदलतो का, किती वेळाने बदलतो, कुठला पाय कधीच सुट्टीवर जात नाही, यात सगळं दडलेलं असतं. सतत एकच पाय सैल राहत असेल तर त्या पायावर भार द्यायला नको वाटतंय अशी शंका घ्यावी. आणि दर काही सेकंदांनी इकडून तिकडे, इकडून तिकडे भार बदलत राहिलं, तर तो विसावा नव्हे. कुठलाच पाय जमिनीवर बरा वाटत नाही, असं जनावर सांगत असतं.

पुढच्या पायाचा हिशेब निराळा. घोड्याच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो, मान आणि डोकं तिकडेच असल्यामुळे. म्हणून विसावताना निरोगी घोडा पुढचे दोन्ही पाय कामाला ठेवतो. पुढचा एक पाय समोर काढून, टाच किंचित उचलून किंवा नुसता टेकवून घोडा बराच वेळ उभा असेल, तर जवळ जायलाच हवं. याला एक अपवाद मी सांगते, कारण तो न कळल्यामुळे विनाकारण घाबरणारे लोक मी पाहिलेत: चरताना घोडा एक पाय पुढे, एक मागे ठेवतोच. मान जमिनीपर्यंत पोहोचवायला त्याला तसं करावं लागतं. लांब पायांच्या आणि आखूड मानेच्या शिंगरांमध्ये हे फार दिसतं. तोंड गवतात असताना पुढे आलेला पाय आणि तोंड वर असताना, काहीही खात नसताना पुढे आलेला पाय, या दोन वेगळ्या गोष्टी.

बांधलेल्या घोड्याबद्दलही एक सांगायचं आहे. दादांबरोबर एकदा सारंगखेड्याच्या यात्रेला गेले होते. तापीकाठी, एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला भरते. घोड्यांचा एवढा मोठा बाजार आपल्याकडे दुसरीकडे क्वचितच. काठेवाडी, मारवाडी, पंजाबकडचे नुकरे, सगळे रांगेने अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी बांधून, उभे. मागच्या पायांना दोर ताणून बांधलेला असला की घोड्याला मागचे पाय पोटाखाली घेता येत नाहीत, सैलही सोडता येत नाहीत. उभं राहणं रुबाबदार दिसतं. गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या उभं राहण्यावरून त्याच्या पायांबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. दादा भाव विचारायच्या आधी म्हणायचे, "पिछाडी सोडा, आणि घोडा जरा असाच राहू द्या." विकणारे चालवून दाखवायला, नाचवून दाखवायला उत्सुक, नुसतं उभं ठेवायला कुणी राजी नाही. मला तर वाटतं, घोडा विकत घेणाऱ्याने निम्मा वेळ मोकळ्या सोडलेल्या घोड्याला नुसतं बघण्यात घालवावा.

वरातीच्या घोड्यांची दया येते ती याचमुळे. डांबरी रस्ता, शेजारी कर्ण्यांची भिंत, पाठीवर नवरदेव. तासन्‌तास उभं राहायचं, आणि एक पाय सैल सोडण्याइतकी निर्धास्ती एका क्षणाचीही नाही.

आता हरणीच्या पायाचं.

श्रावण होता. आमच्याकडे पाऊस भोर-वेल्ह्यासारखा कोसळत नाही, पण रिमझिम दिवसेंदिवस चालते आणि गोठ्यापासून बागेपर्यंतची मुरमाड वाट चिखलाने भरते. सारखं ओल्यात राहून खूर मऊ होतो. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ असते. ती मऊ पडली की मुरमाचा बारीक खडा तिथून आत शिरतो, त्यामागून घाण जाते, आणि टणक खुराच्या आत पू धरतो. बाहेर यायला वाट नसल्याने दाब वाढत जातो. घोड्याला तीन पायांवर आणणारं हे दुखणं पावसाळ्यात फार आढळतं. हे सगळं मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या दुपारी मला एवढंच दिसलं, की हरणी चिंचेखाली डावा पुढचा पाय समोर काढून उभी आहे आणि तोंडासमोरच्या कडब्याला तिने हात लावलेला नाही.

मी ताबडतोब तिला हलवलं नाही. लांबूनच फोटो काढला, बाजूला बसले. मागचे पाय तिने बदलले, पहिल्यांदा उजवा सैल, मग डावा. पुढचा डावा पाय मात्र तिथेच. टाच जमिनीपासून दोन बोटं वर. माशी बसली तर त्या पायाने नव्हे, नुसती कातडी थरथरवून उडवायची. घरातून वही आणून आधीचे फोटो शेजारी लावले आणि मग शंका उरली नाही.

मोहरकी, म्हणजे तोंडाला बांधलेली दोरी, धरून तिला सरळ रेषेत थोडं चालवलं. डावा पाय टेकला की मान वर जायची, उजवा टेकला की खाली यायची. दुखऱ्या पुढच्या पायावरचा भार कमी करायला घोडा डोकं उचलतो, म्हणून मान वर जाताना जो पाय टेकतो तो दुखरा. बऱ्याच जणांचा इथे उलटा समज असतो. मान खाली आपटते तेव्हा टेकलेला पाय त्यांना दुखरा वाटतो. डाव्या हाताला वळवताना ती अडली. पुढे चालवायची गरज नव्हती.

मग हाताने तपास. खुराच्या वर जो सांधा आहे, त्याच्या मागे दोन्ही बाजूंना कातडीखाली रक्तवाहिनी असते. दोन बोटं हलकी टेकवून थांबायचं. दाबलं तर नाडी बुजते आणि काहीच लागत नाही. निरोगी पायात ही नाडी इतकी मंद असते की सापडायला वेळ लागतो, आणि सापडायला वेळ लागणं हीच चांगली खूण. हरणीच्या उजव्या पायात शोधावी लागली. डाव्या पायात बोटं ठेवताच ठोके लागले, जोरदार. खुरावर हाताचा मागचा भाग ठेवून ऊब पाहिली, डावा गरम. खुराची ऊब सावलीतच बघावी. उन्हात काळा खूर पांढऱ्या खुरापेक्षा जास्त तापतो आणि फसवतो. शेवटी जबड्याखालच्या नाडीचे ठोके मोजले. विसावलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१.५ अंश फॅरेनहाइट. तिची नाडी ५० च्या वर होती. ताप नव्हता. उभ्या असलेल्या, न धावलेल्या जनावराचं काळीज एवढं धडधडतंय म्हणजे वेदना मोठी आहे.

डॉक्टरांना फोन केला, हे आकडे दिले, फोटो पाठवले. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत येतो. तोपर्यंत दुखणं थांबवायचं काही देऊ नका." दादा कासावीस झाले होते, घरातली काहीतरी गोळी द्यावी असं त्यांना फार वाटत होतं. डॉक्टरांनी आल्यावर समजावलं, की माणसांच्या गोळ्यांनी घोड्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय वेदना दबली की पाय कसा ठेवते, कुठे दचकते, ही सगळी माहितीच पुसली जाते. तपासून झाल्यावर वेदनाशामक त्यांनीच टोचलं.

ते यायच्या आधी मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. रोजचा लोंबणारा ओठ नव्हता. हनुवटी आवळलेली. नाकपुड्या ताणलेल्या, कडा कोरल्यासारख्या. डोळ्याच्या वर खळगा आणि त्यावर आठी. गालाचा चावण्याचा स्नायू चावत नसतानाही वर आलेला. मी हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी मोबाइलवर एक तक्ता काढून दाखवला. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची ही पद्धत २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी मांडली, तिला हॉर्स ग्रिमेस स्केल म्हणतात. त्यात सहा गोष्टी बघतात: मागे ताठ गेलेले कान, आकसलेल्या पापण्या, डोळ्याच्या वरचा ताण, उठून दिसणारे चावण्याचे स्नायू, आवळलेलं तोंड व हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. मला बरं वाटलं, कारण मी जे नुसतं "हिचं तोंड आज वेगळं आहे" म्हणून ओळखत होते, ते कुणीतरी नीट बघून मांडलं होतं. काठेवाडी किंवा मारवाडी घोडा असेल तर कानांबाबत सावध राहायला हवं. त्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात. मागे गेलेले कान ओळखायचे तर टोकाकडे न बघता कानाचं बूड कुठे वळलंय ते बघावं लागतं.

डॉक्टरांनी पाय उचलून खूर धुतला, घासला आणि मोठ्या चिमट्याने कडेकडेने दाबत गेले. टाचेकडे काही नाही. मधे काही नाही. बाहेरच्या बाजूला, टोकाच्या जरा मागे चिमटा आला आणि हरणीने पाय हिसकला. पुन्हा तिथेच दाबलं, पुन्हा हिसकला. त्या जागी फिकट रेघेत एक काळा ठिपका होता. खुरं तासायच्या वाकड्या सुरीने ते त्या काळ्या रेषेच्या मागे मागे गेले, अगदी थोडं थोडं तासत, आणि एका क्षणी करड्या-काळ्या पाण्याची धार आली. वास असह्य. दादांनी तोंड फिरवलं. हरणीने मात्र मान खाली सोडली आणि ओठ चाटले.

भोक मुद्दाम लहान ठेवलं होतं. मोठं केलं तर तळव्याचा मऊ भाग बाहेर येतो आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतात. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांनी तिथेच दिलं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीतच असतात आणि पाळीव जनावरांमध्ये घोडा त्यांना सगळ्यात लवकर बळी पडतो, त्यामुळे ज्याच्या दारात घोडा आहे त्याने ही लस दरवर्षी न चुकता द्यावी, खुराला काही झालेलं असो वा नसो.

पुढची सेवा माझ्याकडे. रोज कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून खूर त्यात बुडवून ठेवायचा, कोरडा करायचा, कापूस लावून बांधायचा. बांधायला डॉक्टरांनी लहान बाळाचं डायपर सुचवलं, वरून जाड रुंद चिकटपट्टी. खुराच्या आकाराला ते इतकं चपखल बसतं आणि ओल अशी आत येऊ देत नाही, की मी हे येईल त्याला सांगत असते. जागा कोरडी हवी म्हणून गोठ्यात भाताचा पेंढा गुडघ्याएवढा अंथरला. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, बंद केली. काम नाही, चालणं नाही, आणि धान्य चालू, हे खुरांना घातक ठरतं.

मला खरी काळजी दुसऱ्या पायाची होती. डावा पाय उचललेला म्हणजे पुढचा सगळा भार एकट्या उजव्यावर. खुराच्या आत बारीक पापुद्रे असतात, त्यांनीच हाड खुराच्या भिंतीला धरून ठेवलेलं असतं, आणि त्यांना रक्त नीट मिळायला पायावरचा भार सारखा कमी-जास्त व्हावा लागतो. एकाच पायावर दिवस काढले, की चांगल्या पायातले पापुद्रे सुजून सुटायला लागतात. अमेरिकेतला बार्बारो हा घोडा २००६ ची केंटकी डर्बी जिंकला, दोन आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा उजवा मागचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, पाय सांधत आला, पण आधार देणाऱ्या डाव्या मागच्या पायाचा खूर बिघडला आणि शेवटी जानेवारी २००७ मध्ये त्याला झोपवावं लागलं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना. म्हणून मी हरणीच्या डाव्या पायाइतकीच, किंबहुना जास्त वेळा, उजव्या पायाची नाडी बघत होते.

रात्रीही जाऊन बघायचे, विजेरीचा उजेड भिंतीवर पाडून, तिच्यावर नको. ती आडवी होते का, हे मला हवं होतं. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे त्याला आडवं व्हायची गरजच नाही, असं अनेकांना वाटतं. दिवसभरात मोठा घोडा तीन ते पाच तास झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी, पण त्यातली सर्वांत गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्यावरच मिळते, कारण त्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात. ती अर्धा-एक तासाचीच असते. पण पाय किंवा पाठ दुखत असल्यामुळे, जागा अपुरी किंवा ओली असल्यामुळे, किंवा एकटं असल्याच्या भीतीने घोडा आडवा झालाच नाही, तर काही दिवसांनी उभ्या उभ्या झोप त्याला गाठते, पुढचे पाय दुमडतात आणि तो कोसळता कोसळता सावरतो. पुढच्या पायांच्या सांध्यांवर समोरून खरचटल्याच्या खुणा दिसल्या तर याची चौकशी करावी.

पू निघाल्यावर पहिल्याच रात्री हरणी पेंढ्यात कुशीवर पसरली होती, पाय ताणून, ओठ सैल. सकाळी तिच्या कुशीला आणि आयाळीला पेंढा चिकटलेला पाहून दादांनी आधी चहा मागितला. आदल्या दिवसापासून त्यांनी काही घेतलं नव्हतं.

डावा पाय ती लगेच पूर्ण टेकवू लागली नाही. पहिल्यांदा पाय मागे आला, उजव्याच्या शेजारी, पण टाच सैल. मग टाच टेकली. मग उभी असताना छाती दोन्ही पायांच्या मधोमध आली, ती आधी उजवीकडे झुकायची. हा क्रम मला फोटोंमधून कळला, रोजच्या डोळ्यांना एवढा बारीक फरक जाणवत नाही. नाडी मंदावली. आठवड्याच्या आतच ती माझ्या हातातून मोहरकी ओढून बागेकडे निघाली.

या काळात डॉक्टरांनी मला आणखी काही ठेवणी सांगून ठेवल्या, ज्या दिसल्या तर वहीत लिहीत बसायचं नाही, फोन करायचा. पुढचे दोन्ही पाय समोर ताणलेले, मागचे पोटाखाली घेतलेले, सगळं अंग मागे टेकलेलं: दोन्ही खुरांतले पापुद्रे सुजलेत. शेजारच्या गावात एका घोडीने रात्री बाजरीच्या पोत्यात तोंड घातलं होतं, तेव्हा ती मी अशी उभी पाहिली. वळायला सांगितलं की जागेवरच थरथरायची. या दुखण्याच्या चार पायऱ्या स्वीडनच्या नील्स ओबेल यांनी १९४८ साली मांडल्या आणि डॉक्टर आजही त्याच वापरतात. पहिल्या पायरीला घोडा संथ चालताना लंगडतही नाही, नुसता उभा असताना आळीपाळीने पाय उचलत राहतो. त्याच वेळी उपचार मिळाला तर खूर वाचायची आशा चांगली असते. पोटदुखीचा घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, मुतायला उभा राहिल्यासारखा अंग ताणतो पण मुतत नाही, वरचा ओठ मुडपतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो. लोळण घेणं तर सगळ्यांना कळतं. ते दिसेपर्यंत थांबायचं नसतं. आणि चारही पाय फाकवून ताठ, शेपूट उचललेली, मान-पाठ लाकूड झालेली, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा बुबुळावर येतोय, तर तो धनुर्वात. हे मी कधी पाहिलेलं नाही आणि पाहायला नको.

दसऱ्यानंतर आण्णांचा वाडा आला. मी त्यांना डाव्या पायाची हकीकत सांगितली, फोटो एकापुढे एक दाखवले. मोबाइल हातात न घेताच ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हिची आई बी पाऊस झाला की असाच पाय काढायची. आमी खुरात बिब्बा घालायचो." मग हरणीभोवती एक फेरी मारून, पुठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, पर ही डावा मागला जास्ती सोडती का?"

मी वही चाळली. तेव्हा दोन्हीकडे साधारण सारखं होतं. पण या उन्हाळ्यापासून त्यांचं म्हणणं खरं होत चाललंय. ती डावा मागचा पाय उजव्यापेक्षा बराच जास्त वेळ सैल ठेवते. नाडी मंद आहे, खूर थंड आहे, चालताना काही नाही, आडवी होते, उठताना अडखळत नाही. डॉक्टरांनी पाय काही वेळ दुमडून धरला आणि लगेच दुडक्या चालीने पळवून पाहिलं. दोन पावलं जड पडली, मग सरळ. त्यांचा संशय मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर आहे, वयानुसार तिथे झीज होते. नालबंदाला या वेळी सहाव्या आठवड्यालाच बोलावलंय, दोन्ही मागच्या खुरांची उंची सारखी आहे का ते मोजायला, आणि ते झाल्यावर क्ष-किरण काढायचं ठरलंय. तोपर्यंत चिंचेखाली, दुपारी, त्याच बाजूने फोटो चालू आहेत. आता मागूनही एक काढते, दोन्ही पुठ्ठे दिसतील असा.